जिभेची तारीख

ध्रुवाजवळच्या बेटावर खनिजशोधाच्या इतिहासाचं दालन उघडत होतं. पाहुणे होते तुंगारेसाहेब. तीस वर्षांपूर्वी बेटावरचं पहिलं तांबं आपण एकट्याने शोधलं आणि सोबतचा घैसास त्याआधीच, नऊ मार्चच्या हिमवादळात गेला, असं त्यांनीच लिहून ठेवलं होतं.

दालनाची प्रमुख शाल्मली ही घैसासांचीच मुलगी, हे मात्र साहेबांना ठाऊक नव्हतं. ती गोड हसली. "साहेब, तो पहिला दगड तुमच्याच हाताने या यंत्रात ठेवा."

"तांबं किती, ते सांगतं का हे?"

"सगळं सांगतं."

साहेबांनी ऐटीत दगड ठेवला. पडद्यावर अक्षरं उमटली: गोविंद घैसास, बारा मार्च.

"दगड चाटून पारखायची माझ्या बाबांना सवय होती," शाल्मली सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "हे यंत्र वाळलेल्या लाळेवरून माणूस ओळखतं, तारीखही सांगतं. म्हणजे मेल्यावर तीन दिवसांनी बाबांनी हा दगड चाटला. हो ना, साहेब?"

साहेब काठी टेकत घाईघाईने दाराकडे निघाले. बाहेर वादळ घोंगावत होतं. शाल्मली दार अडवून उभी राहिली.

"बसा साहेब. बाहेर गेलात तर मराल. मला तुम्ही जिवंत हवे आहात."