वजिफ्याची चौकशी

साहेब दारात येऊन उभे राहिले तेव्हा हणमंतरावांच्या काखेत भिंतीवरचं घड्याळ होतं. ते शेजारच्या कुसुमताईंकडे लपवायला निघाले होते. रेडिओ आधीच तिकडे गेला होता, पितळी डबे गेले होते, चारपैकी दोन खुर्च्याही गेल्या होत्या. आता पळायला वाट नव्हती. त्यांनी घड्याळ मुलीच्या, लीलाच्या हातात कोंबलं, लीलाने ते पदराखाली धरलं, आणि हणमंतराव हात जोडून म्हणाले, "या साहेब, या. गरिबाचं घर आहे."

घर काही एवढं गरीब नव्हतं. पण त्या वर्षी, छप्पन साली, दिवाळीच्या तोंडावर हैदराबाद राज्याची वाटणी झाली, नांदेड-परभणी मुंबईकडे गेलं, हैदराबाद शहर आंध्रात गेलं आणि लीलाचा सरकारी वजिफा, म्हणजे शिष्यवृत्ती, मधल्यामधे लोंबकळू लागला. तो चालू राहायचा तर कुटुंब हैदराबादचंच असावं, बेताचं असावं आणि मुलगी बिनलग्नाची असावी, अशा अटी होत्या. वजिफा गेला की बी.एस्सी. गेली. दोन धाकट्या भावांची शिक्षणं चालू असताना कारकुनाच्या पगारात तिसऱ्याची फी बसणार कुठून?

बिनलग्नाच्या अटीला तर घरातूनच धोका होता. हणमंतरावांच्या थोरल्या बहिणीने, मलकपेठच्या चतुराआत्याने नांदेडचं एक स्थळ हेरलं होतं आणि "माणसं पाठवते" असं ती महिनाभर म्हणत होती. आईमागे हणमंतरावांना तिनेच वाढवलेलं. तिच्यासमोर त्यांची मान कधी वर झाली नव्हती. त्यामुळे सोमवारी ऑफिसातून आल्या आल्या ते म्हणाले, "गुरुवारी चारला वजिफ्याचे साहेब चौकशीला येतायत. घर जरा गरीब करा," तेव्हा सगळ्यांत आधी कंबर कसली ती लीलाने. रेडिओ तिनेच उचलून नेला.

साहेब उरलेल्या दोनांपैकी बऱ्या खुर्चीवर बसले. काळा कोट, जरीची टोपी, हातात चांदीच्या मुठीची काठी. त्यांनी घरभर नजर फिरवली आणि विचारलं, "मूळ गाव कोणतं म्हणायचं आपलं?"

"मूळ, खोड, फांद्या सगळं काचीगुड्यातच, साहेब," हणमंतराव म्हणाले. "गाव कशाला म्हणतात ते आम्हाला ठाऊकच नाही."

"जमीनजुमला?"

"कुंडीत तुळस आहे."

साहेबांच्या भुवया वर गेल्या. "मलकपेठेत तर वेगळंच ऐकलं होतं."

"मलकपेठेत घोड्यांच्या शर्यती चालतात, साहेब. तिथलं काही खरं धरू नका."

लीलाला मनातून शाबासकी द्यावीशी वाटली. अण्णा एवढे हजरजबाबी आहेत हे तिला आजच कळत होतं. तेवढ्यात साहेब तिच्याकडे वळले. "स्वयंपाक येतो का गं?"

सरकारला हे कशाला हवं, असं तिला वाटलं. पण नवं राज्य, नवे फॉर्म, असेल एखादा रकाना. ती काही बोलणार, तोच साहेब म्हणाले, "जरा चालून दाखव, बाळ."

लीला जागीच थबकली. कुठल्याही राज्याच्या फॉर्मात मुलीची चाल नसते. हे वजिफ्याचे साहेब नव्हतेच! हे नांदेडचे, आत्याने पाठवलेले! ती कशीबशी चार पावलं चालली आणि पदराखाली चारचे टोले पडले.

साहेब दचकून तिच्याकडे बघत राहिले.

"शेजारचं घड्याळ आहे, साहेब," हणमंतराव म्हणाले. "आमच्याकडे वेळसुद्धा उसनी असते."

लीला खाकरली. डोळे मोठे केले. पाणी द्यायचं निमित्त करून बापाच्या पायावर पाय दिला. पण अण्णा आता रंगात आले होते.

"पोरगी हुशार आहे, साहेब. रोज एक बेडूक फाडते. हात म्हणून थरथरत नाही. परवा तर झुरळं डबीत घालून घरी आणली, आतडी मोजायला. हा चिवडा केला त्याच ओट्यावर."

साहेबांनी तोंडाकडे नेलेला चिवडा हळूच बशीत परत ठेवला. "आणि लग्नाचं काय ठरवलंय?"

"नक्को! लग्नाचं नावच नक्को. पदवी होईपर्यंत बोहल्यावर चढवणार नाही असं सरकारला लिहून दिलंय मी. दोन जामीन आहेत. पोरगी बोहल्यावर चढली तर ते दोघं आणि मी, तिघंही तुरुंगात."

साहेब उठले. निघताना माणूस 'येतो' म्हणतो. साहेब 'जातो' म्हणाले आणि काठी टेकत, मागे न बघता गल्लीच्या टोकाला पोचलेही.

लीला मटकन खाली बसली. तिला रडू फुटलं. "अण्णा, ते वजिफ्याचे नव्हते हो! नांदेडचे होते! मी किती खुणा केल्या तुम्हाला!"

"हौ, पाय अजून दुखतोय," हणमंतराव म्हणाले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढून तिच्या मांडीवर ठेवला. "वजिफ्याचे साहेब घरी येत नसतात, पोरी. ते फायलीत बघतात. सोमवारीच मंजूर झाला तुझा. आत्याचा निरोपही सोमवारीच आला, गुरुवारी चारला नांदेडचे येतायत म्हणून."

लीलाने कागद उघडला. खाली सही होती, शिक्का होता. तिने पदराने डोळे पुसले. मग तिला मलकपेठ आठवली आणि पुन्हा धडकी भरली.

"पण आत्या? आता आत्या काय म्हणेल?"

"म्हणेल, माझा भाऊ येडा आहे," हणमंतराव साहेबांनी टाकलेला चिवडा स्वतःकडे ओढत म्हणाले. "पण भावानं माझा शब्द मोडला, असं काही तिला म्हणता यायचं नाही."