सतरावा नियम

"पालकाच्या रकान्यात मावशीचं नाव घालू का, काका?"

मुलीने विचारले, तेव्हा अर्जनवीसाने प्रथमच मान वर करून तिच्याकडे नीट पाहिले.

"आईवडील?"

"नाहीत. चौथीत असल्यापासून मावशीकडेच आहे."

"मग मावशीचंच. नातं शेजारी लिही. आणि खाडाखोड करू नकोस. खाडाखोड दिसली की समितीला वाटतं, माणूस स्वतःच्या नावाबद्दलही ठाम नाही."

मुलगी हसली. सकाळपासून उत्पन्नाच्या दाखल्यासाठी वणवण करून ती आत्ता, चारच्या सुमारास, त्याच्या टेबलापाशी पोचली होती. तुमच्याकडेच जा असे कुणीतरी सांगितले होते, म्हणाली. हे वाक्य अर्जनवीसाला नवे नव्हते. विद्यार्थी साहाय्य कार्यालयाच्या व्हरांड्यात तेवीस वर्षे तो लोकांचे अर्ज लिहून देत आला होता. 'विनंती' आणि 'मागणी' यांतला भेद न कळणाऱ्या कारकुनाशी तो खिडकीत उभा राहून अर्धा तास वाद घाली आणि कारकुनाने हात टेकल्यावरच तेथून हले.

त्याने तिचा अर्ज पुढे ओढला आणि योजनेचे नाव वाचले. संपूर्ण शुल्कमाफी, वसतिगृहाच्या खर्चासह. या विभागासाठी जागा एक.

हाच अर्ज त्याने आपल्या लेकीसाठी अकरा दिवस खपून सिद्ध केला होता. आपल्याला शिकता आले नाही, म्हणून आपण दाराबाहेर बसून दुसऱ्यांना आत पाठवतो; लेक मात्र आत जाणार, हे तिच्या जन्मापासून त्याने मनाशी पक्के केले होते. आज शेवटचा दिवस. सकाळी त्याने अर्ज देण्यासाठी तिच्याबरोबर रांगेत उभे राहण्याची तयारी दाखवली, तर तिने त्याला खुर्चीवरच बसवले होते.

"तुम्ही नका येऊ, बाबा. लोक म्हणतील, वशिला लावला."

"तेवीस वर्षांत मला इथे कुणी पंख्याखाली बसू दिलं नाही, आणि म्हणे वशिला."

ती हसत रांगेत गेली होती आणि तासाभराने लांबूनच हात हलवून निघून गेली होती.

आता त्याने या मुलीची गुणपत्रिका पाहिली. लेकीपेक्षा तीन गुण कमी. मग उत्पन्नाचा दाखला पाहिला. आकडा लेकीच्या दाखल्यावरील आकड्याच्या निम्म्याहूनही कमी. समितीची गुणांकनाची रीत त्याला पाठ होती. बेरजेला कागद लागला नाही. जागा या मुलीची होती.

"मावशी काय करते?"

"लॉन्ड्रीत इस्त्रीला आहे. ती काय, समोरच्या गल्लीत."

चालत पाच मिनिटे. खिडकी बंद व्हायला अजून पाऊण तास होता.

नियमपुस्तिकेतला सतरावा नियम असा होता: पालक आई किंवा वडील नसल्यास, त्या पालकाच्या सहीचे स्वतंत्र निवेदन जोडावे, अन्यथा अर्ज विचारात घेतला जाणार नाही. छापील अर्जावर याचा उल्लेख नव्हता. ही गैरसोय दूर करा म्हणून त्यानेच कार्यालयाला चार वेळा लिहिले होते. साध्या कागदावर चार ओळी आणि मावशीची सही, एवढेच काम. खिडकीतला कारकून केवळ शिक्का मारी. छाननी पुढे समितीत होई, आणि तेथे अपुऱ्या अर्जाला दुसरी संधी नसे.

त्याने अर्ज पहिल्या ओळीपासून तपासला. एका ठिकाणी राहिलेला अनुस्वार स्वतःच्या पेनाने दिला. दाखले क्रमाने लावले, कडा जुळवल्या, टाचणी मारली.

"अजून काही जोडायचं आहे का, काका?"

त्याने टाचणी पुन्हा एकदा दाबून बसवली.

"या अर्जात जे जे मागितलं आहे," तो एकेक शब्द निवडून म्हणाला, "ते सगळं जोडलं आहे."

वाक्यात कोठेही असत्य नव्हते. मुलगी पर्स उघडू लागली, तशी त्याने मान हलवली.

"राहू दे. जा लवकर."

"काय अर्जनवीस," शेजारच्या टेबलावरचा मुद्रांकविक्रेता म्हणाला, "आज धर्मखातं उघडलंय वाटतं?"

"तुम्ही आपले मुद्रांक मोजा," अर्जनवीस म्हणाला. त्याने टेबल आवरायला घेतले. खिडकीतून शिक्क्याचा आवाज आला तेव्हा त्याने मागे वळून पाहिले नाही.

घरी पोचला तेव्हा साडेसहा झाले होते. लेक त्याची वाटच पाहत होती. तिने पाणी आणून दिले आणि समोर खुर्ची ओढून बसली.

"बाबा, आधी पूर्ण ऐकून घ्या, मग वाद घाला. मी अर्ज दिला नाही."

पेला त्याच्या ओठांपाशी थांबला.

"रांगेत माझ्यामागे एक मुलगी होती. आई नाही, वडील नाहीत. आम्ही तासभर बोलत होतो. ही जागा हुकली तर ती उद्यापासून मावशीबरोबर इस्त्रीला उभी राहणार आहे. माझं तसं नाही. मी दिवसा नोकरी करीन, संध्याकाळच्या कॉलेजात जाईन. तिथं चौकशीही करून आले. वर्षं जास्त लागतील, पण पदवी घेईनच. तुम्हाला आधी सांगितलं असतं, तर तुम्ही मला हाताला धरून पुन्हा रांगेत उभं केलं असतं."

त्याने पेला खाली ठेवला. घड्याळाकडे पाहिले. सात वाजत आले होते.

"रागावू नका ना, बाबा. मी अर्ज वाया घालवलेला नाही. उत्पन्नाचा दाखला आणायला ती रांगेतूनच परत निघाली, तेव्हा बिचारी फार घाबरली होती, आणखी कुठलातरी कागद राहून जाईल म्हणून. मी तिला म्हटलं, दुसऱ्या कुणाकडे जाऊच नकोस. व्हरांड्यात माझे बाबा बसतात, ते तुझं काही राहू देणार नाहीत."