उलटी बसलेली स्प्रिंग

आपल्याच हाताखाली तयार झालेल्या लेकीला मिस्त्रींनी तिच्या गाडीसाठी टर्बोवालं रोटरी इंजिन स्वतः बांधून दिलं होतं. सहा महिन्यांत ते बंद पडलं, तेव्हा "टर्बोचं प्रेशर वाढवून तूच वाट लावलीस, आता गॅरेजची पायरी चढू नकोस," असं त्यांनी तिला चारचौघांत सुनावलं. तिनं मुकाट्यानं ऐकून घेतलं. पुढं चार वर्षं मिस्त्रींनी अबोला धरला, आणि गेल्या महिन्यात ती आजारपणात गेली.

"आता तरी ते इंजिन उघडून बघा," बायको म्हणाली, म्हणून त्यांनी ते खोललं. टर्बोचं प्रेशर त्यांनी लावून दिलं होतं तेवढंच होतं. आत फिरणाऱ्या रोटरच्या टोकाचं सील मात्र तुटलं होतं, कारण त्याच्याखालची स्प्रिंग उलटी बसवलेली होती.

मिस्त्रींनी ती स्प्रिंग उचलून बायकोला दाखवली. "चूक माझीच होती गं. मग ती बोलली का नाही?"

 

"तिनं तेव्हाच उघडून पाहिलं होतं," बायको म्हणाली. "म्हणाली, बाबांना हे कळलं तर ते पुन्हा पान्याला हात लावणार नाहीत."