नव्या कॉम्प्युटरवरचा मनोरा

पहिला ठोसा नाकावर बसला आणि ड्राफ्ट्समनचा चष्मा टेबलाखाली गेला. दुसऱ्या ठोशाला तो खुर्चीसकट आडवा झाला.

"ऊठ," फोरमन म्हणाला. "मनोऱ्याचा नकाशा उघड."

आठ वर्षं "काका, जरा बघता का" म्हणणारा फोरमन आज सरळ एकेरीवर आला होता. खाली वर्कशॉप बंद होतं. पाण्याच्या टाकीचा मनोरा कोसळल्यापासून मालकांनी कुलूप ठोकलं होतं, पण एक किल्ली फोरमनकडे असायची. ड्राफ्ट्समन वर ऑफिसात एकटाच कागद आवरत बसला होता.

टाकी भरून मनोऱ्याची चाचणी चालली होती तेव्हा वर धाकटा उभा होता. फोरमनचा सख्खा भाऊ. चारही पाय एकदम मोडले. लोखंडाखालून त्याला काढायला दोन तास लागले, आणि जे निघालं ते आईला दाखवण्यासारखं नव्हतं. नंतर मनोऱ्याचे पाय कापून पाहिले. आत नुसती पोकळी. मजबुतीच्या पट्ट्याच नव्हत्या.

पाय फोरमननेच जोडले होते, नकाशाबरहुकूम, एक सूतही इकडेतिकडे न होऊ देता. नकाशात पट्ट्या नव्हत्या, म्हणून पायांत नव्हत्या. तो कागद त्याने स्वतः ऑफिसातून छापून नेला होता आणि आत्ताही तो त्याच्या खिशात होता. पाच दिवस तो एकच प्रश्न विचारत फिरत होता, माझ्या भावाला मारलं कुणी? काल संध्याकाळी आई पहिल्यांदा बोलली. "चूक त्या नकाशा काढणाऱ्याची. पण तू हात उचलू नकोस. पोलीस बघतील."

पोलिसांवर सोडून गप्प बसायला फोरमन काही साधुसंत नव्हता.

"माझंच चुकलं," ड्राफ्ट्समन जमिनीवरून म्हणाला. "पट्ट्या दाखवायच्या राहिल्या. हवं तर लिहून देतो."

हा हातापाया पडेल, मालकांच्या नावाने बोटं मोडेल, असं फोरमनला वाटलं होतं. इतक्या मुकाट कबुलीने त्याचं डोकं आणखीच फिरलं.

"लिहून नको. पडद्यावर दाखव. कुठे कुठे काय विसरलास ते तुझ्या तोंडाने सांग."

ऑफिसात दोन कॉम्प्युटर होते. खिडकीशी नवा. कोपऱ्यात जुना खटारा, सगळे त्याला बैलगाडी म्हणायचे. मनोऱ्याच्या नकाशासारखे जुने नकाशे ड्राफ्ट्समन त्या बैलगाडीवरच उघडायचा आणि त्यावरूनच छापायचा. का, ते त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. आज मात्र तो धडपडत नव्याकडे वळला.

"तिकडे कुठे? जुन्यावर उघड."

"तो चालत नाही हो. मेमरी पुरत नाही, मध्येच अडकतो. आणि नकाशा तर तोच आहे..."

चोराच्या मनात चांदणं, फोरमनने मनात म्हटलं. त्याने ड्राफ्ट्समनचा उजवा हात ओढून टेबलावर दाबला आणि खालच्या वर्कशॉपमधून आणलेला लोखंडी पाइप दुसऱ्या हाताने बोटांवर हाणला. हाडं मोडल्याचं त्याच्या स्वतःच्या तळहाताला कळलं. ड्राफ्ट्समन किंचाळला, मग लहान मुलासारखा रडायला लागला.

"अजून एक हात आहे तुला. उडवाउडवी पुरे."

डाव्या हाताने ड्राफ्ट्समनने बैलगाडी सुरू केली. मेमरी अपुरी आहे, पडद्यावर आलं. पुन्हा प्रयत्न. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी एकेक रेघ उमटायला लागली. टाकी. जिना. चार पाय. आणि पायांच्या आत, लाल रंगात, पट्ट्या.

फोरमनने बोट ठेवून मोजल्या. चोवीस.

"ह्या कधी घातल्यास? माझा भाऊ मेल्यावर?"

"हो," ड्राफ्ट्समन घाईघाईने म्हणाला. "परवा घातल्या. पाप झाकायला."

"चोर तो चोर!" पाइप बरगड्यांवर बसला. ड्राफ्ट्समन कोसळला. फोरमनने पुन्हा हात उगारला तेव्हा नजर पडद्याच्या तळाशी गेली. नकाशात शेवटचा बदल केल्याची तारीख होती. अकरा वर्षांपूर्वीची.

परवाची नव्हे.

तो नव्या कॉम्प्युटरकडे निघाला. मोडलेल्या बोटांचा हात त्याच्या पायाला अडकला. "तिकडे नका जाऊ. पाया पडतो. हवं तर अजून मारा."

फोरमनने त्याला लाथेने बाजूला केलं आणि तोच नकाशा नव्यावर उघडला. लगेच एक चौकट आली. नकाशा जुन्या आवृत्तीतला आहे, काही भाग या आवृत्तीत दिसणार नाहीत. तरी पुढे जायचं?

ही चौकट त्याने पाहिली होती. मनोऱ्याचा नकाशा छापून नेला त्या मंगळवारी ड्राफ्ट्समन रजेवर होता. बैलगाडी दोनदा अडकली होती, खाली वेल्डर खोळंबले होते. इथेच बसून, चौकट धड न वाचता, त्याने 'हो' दाबलं होतं.

त्याने आत्ताही 'हो' दाबलं. मनोरा झटक्यात आला. पाय रिकामे होते.

तो ड्राफ्ट्समनकडे वळला. "आधी का नाही बोललास?"

"सांगायलाच काल दुपारी घरी आलो होतो. तुम्ही नव्हतात." ड्राफ्ट्समनने तोंडातलं रक्त बाहीला पुसलं. "तुमच्या आईने माझ्या पायांवर डोकं ठेवलं. म्हणाल्या, एक गेला. हे कळलं तर दुसराही जीव देईल. चूक नकाशा काढणाऱ्याचीच होती म्हणून सांगा."