आठव्या दिवसाचा गर्भ

"आत्याबाईचा गर्भ गेला असेल, तर तसं सरळ सांगा," माकडांची देखभाल करणारे काका प्रयोगशाळेच्या दारातच म्हणाले. डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क, पायांत प्लॅस्टिकच्या पिशव्या. या अवतारात ते स्वतःच प्रयोगाला आणल्यासारखे दिसत होते.

"गेलेला नाही," डॉक्टर म्हणाली.

काकांचा चेहरा पडला. मास्क असूनही ते तिच्या लक्षात आलं.

आत्याबाई ही पिंजऱ्यातली सर्वांत म्हातारी माकडीण. तिला कुणाचंच काही पटत नसे, म्हणून काकांनी हे नाव ठेवलेलं. आजवर सहा वेळा तिची स्त्रीबीजं काढून बशीत गर्भ वाढवून झाले होते. ही सातवी खेप. या खेपेला गर्भ टिकला नाही, तर सुया कायमच्या बंद आणि मागच्या आवारात, झाडांत रवानगी. टिकला, तर पुढच्या महिन्यात पुन्हा टेबलावर.

"बीज एकच मिळालं. एरवी दहा तरी मिळतात," डॉक्टर म्हणाली. "काका, तिच्या पाळीची तारीख तुम्ही चार दिवस पुढची लिहिलीत ना?"

इंजेक्शनांचा सगळा हिशेब त्या तारखेवर चालतो, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. वीस वर्षांत वहीत त्यांनी साधी खाडाखोडही केली नव्हती.

"लिहिली," ते म्हणाले. "थकलीय हो ती. हल्ली भूल उतरली की माझं बोट सोडत नाही."

डॉक्टरनं उबेच्या पेटीतून काचेची बशी काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. "दोनच मिनिटं. गर्भाला गारवा सोसत नाही."

काकांनी भिंगाला डोळे लावले. आधी काही दिसेना. मग एक गोल, पारदर्शक कवच दिसलं. त्याला एका बाजूला चीर गेली होती आणि तिच्यातून इवलासा फुगा बाहेर आला होता. बाकीचा अजून आतच होता.

"आज आठवा दिवस. पूर्ण बाहेर आला तरच पुढे वाढतो," डॉक्टर म्हणाली. "पुष्कळदा तिथंच अडकतो आणि संपतो."

"अडकला, तर आत्याबाई सुटली?"

"सुटली."

काका बघत राहिले. दोन मिनिटं झाली, तीन झाली. डॉक्टरनं खांद्याला हात लावला तरी ते हलले नाहीत. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली होती.

"थोडंच राहिलंय रे बाळा," ते अगदी हळू म्हणाले. "लाव जोर."