फोन आईनेच ठेवायचा

पँटची टीप उसवता उसवता धाकटीने सहज मोबाईलकडे पाहिलं आणि तिची कात्री तिथल्या तिथे थांबली. स्क्रीनवर आईच्या गॅसवरचं दूध उतू जात होतं, आणि आई ओट्याशी नव्हतीच.

तसं हे रोजचंच होतं बरं का. इकडे परदेशात शिलाईच्या दुकानात सकाळ, तिकडे आईकडे संध्याकाळ. आई फोन साखरेच्या डब्याला टेकवणार, ही आपला दोऱ्याच्या रिळांना. मग दोघी आपापलं काम करणार, मधेच बोलणार, मधेच नुसत्याच एकमेकींच्या समोर. नियम एकच, फोन आईने ठेवायचा. धाकटीने आधी कट केला की आईला वाटायचं, काहीतरी झालंच. लगेच उलटा फोन यायचा आणि वर बोलणी.

दूध बर्नरवर सांडलं. निळी ज्योत दोनदा फडफडली आणि गेली. बटण तसंच, चालू.

आई आतल्या खोलीत गेली होती, अर्धा विणलेला स्वेटर आणायला. धाकटीनेच मागे लागून पाठवलं होतं, दाखव ना, दाखव ना. ऐकायचं यंत्र आई फोनच्या आधीच काढून ठेवायची, इअरफोन घालता यावा म्हणून. आणि आत जाताना तिने इअरफोनही काढून ओट्यावर टाकला होता. म्हणजे धाकटीचा सगळा आवाज त्या ओट्यावरच्या वायरीत जाणार. तरी ती ओरडली. इस्त्रीवाल्या बाईंनी वळून पाहिलं. पुन्हा ओरडली.

वास येईल आईला, येईलच. पण चार दिवस सर्दीने नाक चोंदलंय, मघाशीच सांगत होती. डास येतात म्हणून खिडकी बंद. शेजारच्या काकूंना फोन लावावा तर काकू धावत येऊन पहिली बेल दाबणार, आणि बेलची ठिणगी, नको, नको.

किती मिनिटं झाली? तिला मोजताच येईना.

आई आली. स्वेटर फोनसमोर धरून हसली, बाह्या दाखवल्या, काहीतरी रंगाबद्दल बोलत सुटली. धाकटी दोन्ही हात हलवत होती, गॅसकडे बोट दाखवत होती. आई म्हणाली, "पुरे गं, एवढा काही चांगला नाही झालाय." मग बोटाच्या रोखाने तिने मागे वळून बघितलं. "अगंबाई, विझला वाटतं."

आणि ती लायटर घ्यायला फोनकडेच आली. लायटर डब्याशेजारच्या पेल्यात. आईचा हात स्क्रीनवर मोठा, मोठा होत गेला, बांगडीवरचं पीठसुद्धा दिसलं.

धाकटीने फोन कट केला.

काळी स्क्रीन. त्यात तिचाच चेहरा, वरची ट्यूबलाइट. इस्त्रीची वाफ फुस्स करून सुटली आणि ती स्टुलावरून उडालीच. बाईंनी विचारलं, काय झालं. आई आधी गॅस पेटवेल की आधी फोन करेल? आधी फोन. नेहमी आधी फोन करते. पण नेहमी हातात लायटर नसतो.

फोन वाजला.

"कट का केलास? किती वेळा सांगितलंय," आई इअरफोन कानात खोचत, रागाने लाल. दुसऱ्या हातात लायटर.

"आई, लायटर खाली ठेव. काही पेटवू नकोस, दिव्याचं बटण नको. गॅस बंद कर, खिडकी उघड, आणि बाहेर जिन्यात जाऊन उभी राहा."

आईने खालमानेने सगळं केलं, अगदी लहान मुलीसारखं. स्वेटर खांद्यावर टाकून, फोन हातात धरून ती जिन्यात येऊन बसली. धाकटीचे दात वाजत होते, थांबतच नव्हते.

आई समजूत घालावी तशी म्हणाली, "एवढं काय घाबरायचं त्यात? हा बर्नर असाच आहे, दिवसातून दोन-तीनदा विझतो. पेटवते ना मी परत."