दोन खेपा

नाव एकच होती आणि तीत माणसं दोनच बसणार होती.

"तिसरं बसवलं की नाव गेलीच समजा," सटवाजी नावाडी म्हणाला. "पानी लय चढलंय. दोन खेपा करू. पयल्या खेपंला कोन, ते बिगीनं ठरवा."

पैनगंगा काठोकाठ भरून वाहत होती. पलीकडं वऱ्हाड. तिथं निजामाचा अंमल संपत होता. रझाकारांनी दुकान जाळल्यावर धोंडप्पा बायको आणि दोन लेकरांना घेऊन चारठाण्याहून निघाला, त्याला आज चौथा दिवस. दुपार कलली होती. मागच्या गावावर धूर दिसत होता.

धोंडप्पानं वाटेतच मनाशी ठरवून ठेवलं होतं. "गंगम्मा, तू आन् पोरगी आधी जा. मी आन् म्हालिंग मागून येतो."

"अप्पा, म्हालिंगला मागं ठेवू नका," मल्लम्मा म्हणाली. तिला सतरावं लागलं होतं, महालिंग पंधराचा. "त्या गावात त्यांनी पोरं भिंतीला उभी करून मारली. आपण बघितलं की."

"मी अप्पासंगंच येणार," महालिंग म्हणाला. "मी काय बाई हाय आधी जायला?"

"मग त्याला आन् मायला जाऊ द्या. मी थांबते तुमच्यापाशी."

"तुला?" धोंडप्पा एवढंच म्हणाला. वयात आलेली पोर या काठावर ठेवायची, हे त्याला तोंडानं म्हणवेना.

गंगम्मा इतका वेळ दगडावर बसून होती. ती उठली.

"दोन्ही लेकरं आधी जातील."

"अगं, परक्या मुलखात तरणी पोर, संगं मोठं मानूस न्हाई..."

"ती दोघं एका जागी, आपण दोघं एका जागी. आता बोलू नका."

तिनं महालिंगची मानगूट धरली आणि त्याला नावेत ढकललं. मल्लम्मा आपणहून चढली. मायनं तिच्याकडं पाहिलं.

नाव ओढीनं बरीच खाली वाहून मग पलीकडं लागली. सटवाजीनं पोरांना उतरवलं आणि पुन्हा वल्हं मारायला सुरुवात केली. तो पाण्याच्या मध्यावर होता तेव्हा अलीकडच्या ज्वारीतून पाच जण बाहेर आले. दोघांकडं बंदुका, बाकीच्यांकडं भाले. सटवाजीनं वल्हं आत घेतलं आणि नावेच्या तळाशी पालथा पडला. रिकामी वाटावी अशी नाव वळणाकडं वाहत गेली.

मल्लम्मानं भावाला पळसाच्या झुडपात ओढलं. तिथून सगळं दिसत होतं. वाऱ्याबरोबर आवाजही येत होते.

"बच्चे किधर हैं?" चिखलातली चौघांची पावलं बघून एका बंदूकवाल्यानं विचारलं.

 धोंडप्पानं हातातली काठी त्याच्या तोंडावर हाणली. तो माणूस तोंड धरून खाली बसला. मग बाकीचे धोंडप्पावर पडले. पहिला भाला पोटात गेला तेव्हा तो उभाच होता. दुसऱ्याला गुडघ्यावर आला. पडल्यावरही ते त्याला भोसकतच राहिले.

महालिंग उठला. मल्लम्मानं त्याचा पाय ओढून त्याला पाडलं, छातीवर गुडघा रोवला आणि तो ओरडायच्या आत आपला हात त्याच्या तोंडात कोंबला. तो चावला. तिनं हात काढला नाही.

"बोल! बच्चे किधर?"

बंदुकीचा दस्ता गंगम्माच्या खांद्यावर बसला. ती पडली, पुन्हा उठली. समोर उभ्या माणसाकडं न बघता ती नदीकडं तोंड करून ओरडली. हातभर अंतरावरच्या माणसाला एवढं मोठ्यानं सांगायची गरज नव्हती.

"मला लेकरं न्हाईत! मी वांझ हाय!"

दस्ता पुन्हा बसला. या वेळी दंडावर.

"वांझ हाय मी! ऐकू येतंय का? मला कुनी न्हाई! कुनी वरडू नका, मला कुनीबी न्हाई!"

ते कुणाला सांगितलं जातंय, हे मल्लम्माला कळलं. तिनं हात आणखी आत रेटला. खालून महालिंग तिच्या बरगड्यांवर बुक्क्या मारत होता. तिनं डोळे मिटले आणि सगळा भार त्याच्यावर टाकला.

तेवढ्यात वऱ्हाडच्या बाजूनं, हद्दीच्या नाक्यावरच्या शिपायांनी बंदुकीचे दोन बार काढले. मग आणखी एक. अलीकडचे लोक थबकले. एकानं गंगम्माला लाथ घातली, दुसऱ्यानं गाठोडं उचललं आणि ते ज्वारीत शिरले.

बराच वेळ काही हललं नाही. मग वळणावरून सटवाजीची नाव काठाकाठानं वर आली.

दुसऱ्या खेपेलाही नावेत दोघंच होती. धोंडप्पाला तळाशी निजवलं होतं, डोकं गंगम्माच्या मांडीवर. तिचा डावा हात खांद्यातून लोंबत होता.

नाव लागली तरी महालिंग बापाजवळ गेला नाही. तो गुडघाभर पाण्यात उभा राहिला. ओठांना रक्त लागलेलं.

"हिनं मला जाऊ दिलं न्हाई," तो म्हणाला. "माय, हिनं मला दाबून धरलं."

गंगम्मानं जाता जाता त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि ती पुढं गेली. मल्लम्मा उजवा हात परकराच्या घोळात लपवून उभी होती. मायनं तो बाहेर काढला. अंगठ्याच्या बुडाशी मांस सुटलं होतं आणि आत पांढरं दिसत होतं.

"लय चावला का गं?"

"न्हाई," मल्लम्मा म्हणाली.